अकरा मिनिटं

साडेआठचा कॉल. मी आठपासून तयार.
राजेंद्रनगरच्या या घरात नेटवर्क
धुण्याच्या मशीनपाशीच काय ते धड येतं,
म्हणून मशीनवर लॅपटॉप, स्टुलावर मी,
मागे आडोशाला चादर,
दोरीवरचीच, चिमट्यांसकट.

समोर निहाल. सव्वीसचा असेल.
मी नोकरीला लागले तेव्हा हा दुसरीत.
"शर्वाणी... टुल्लू?"
टिल्लू, मी म्हणते.
सॉरी, तो म्हणतो, आणि आम्ही दोघं हसतो.
हे हसू फॉर्मात कुठल्या रकान्यात जातं
मला माहीत आहे. एकोणीस वर्षांतली बारा
तो रकाना मीच भरलाय.

"एक यादी आहे. इतकी मोठी
की मेमरीत मावतच नाही.
तिचा क्रम लावायचाय.
टेक युअर टाइम. फक्त मोठ्याने विचार करा."

मोठ्याने विचार करा.
आमच्याकडे कोणी करत नाही मोठ्याने विचार.
आई हिशेब करते तेव्हा ओठ हलतात, तेवढंच.
माझी नोकरी गेल्याचं सांगितलं त्या रात्री
नवरा काही बोलला नाही,
आत जाऊन गॅस बारीक करून आला.

"म्हणजे, आधी तुकडे..." मी म्हणते,
आणि पुढचं वाक्य येत नाही.
कर्सर लुकलुकतो.
पलीकडच्या गल्लीत कचरागाडीचं गाणं सुरू होतं,
निहालला ऐकू जातं की नाही कोण जाणे,
मी म्यूट शोधते आणि सापडत नाही.

तेजकरण मालवीय.
नाव असं आलं, न बोलावता.
दोन हजार एकोणीस, विजयनगर, चौथा मजला,
काचेची खोली, तिचं नाव नर्मदा.
देवासहून पहिल्या बसने आलेला,
फायलीला रबरबँड.
मी प्रश्न टाकला आणि तो फळ्यासमोर उभा राहिला,
मार्करचं टोपण काढायचा, लावायचा.
टक. टक.
अकरा मिनिटं. मी मोजली होती, घड्याळ समोरच होतं.
मग मी लिहिलं: संवाद कमी.
शेजारच्या चौकोनात: नाही.
फळ्यावर त्याने एकच रेघ ओढली होती.
जाताना डस्टर दिसलं नाही त्याला,
तर स्वतःच्या रुमालाने ती पुसून गेला.
डब्यात त्या दिवशी भेंडी होती.

"मॅम? तुम्ही आहात ना?"
आहे, मी म्हणते. आहे.
नंतर काहीबाही लिहिलंही, अर्धं चाललं, अर्धं नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय?"
तीन प्रश्न पाठ करून ठेवले होते,
टीमबद्दल, शिकण्याबद्दल, पुढच्या पाच वर्षांबद्दल.
विचारलं ते असं: आज अजून किती जण आहेत?
तो बाजूला कुठेतरी बघतो. "सहा."
आणि मग, आवाज जरा खाली आणून,
"मलाही इथे चौथ्या वेळी घेतलं."
पडदा काळा. त्यात मी, चादर, चिमटे.

गाणं आता आमच्याच दाराशी.
दोन्ही बादल्या उचलून मी जिना उतरते
आणि दुसऱ्या वळणावर ते येतं,
सगळंच्या सगळं, न मागता:
लहान लहान ढीग करा, एकेक लावून बाजूला ठेवा,
मग प्रत्येकाचं फक्त सगळ्यात वरचं बघा,
त्यातलं लहान ते उचला. पुन्हा बघा.
इतकंच. इतकंच होतं.

तेजकरणला कुठे सुचलं असेल?
लिफ्टमध्ये? शिप्रेच्या पुलावर,
खिडकीशी, रुमालावर काळी शाई?

गाडीवाला हात पुढे करतो.
मी त्यालाच सांगते, मोठ्याने:
भैया, हर ढेर का बस ऊपर वाला देखना है।
"वो तो है," तो म्हणतो,
माझ्या निळ्या बादलीत वाकून बघत,
"पर दीदी, ये सेल इसमें नहीं जाएगा।"